दगड मारायला आणलेली बाई

प्रभूच्या आईचं काम मला कधीच मिळालं नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी वाट बघत बसायला नको. बारा-तेरा वर्षांत लहानमोठे अकरा ख्रिस्ती सिनेमे मी केले. त्यात दोनदा विधवा झाले, एकदा आंधळ्याची बायको, एकदा महारोग्याची बहीण. आईच्या कामाला मात्र दर वेळी कुणीतरी गोरीपान, लांब मानेची मुलगी शोधून आणायचे. मी सावळी, रुंद तोंडाची आणि जिभेला हाड नसलेली. एकदा मी आमच्या दिग्दर्शकांना तोंडावर विचारलं, "सर, ती बाई उन्हातान्हात राबणारी, सुताराची बायको. ती एवढी गोरी कशी?" त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "तू विधवाच छान करतेस गं." आता यावर काय बोलणार, कपाळ!

आमचे सिनेमे थिएटरात लागणारे नव्हते. नाशिकला शरणपूर भागातल्या ख्रिस्ती घरांतून माणसं गोळा करायची, गोदावरीकाठी दहा-पंधरा दिवस शूटिंग उरकायचं आणि मग प्रोजेक्टर, पांढरी चादर आणि जनरेटर जीपमध्ये घालून पेठ-सुरगाण्याकडच्या गावांतून दाखवत फिरायचं. दोन हजार सालानंतर सीडी निघाल्या, नाताळात केबलवरही लागायला लागले. तेव्हा पंचवटीच्या भाजीबाजारात एका बाईनं मला ओळखलं. "तुम्ही टीव्हीत लय रडता ना?" म्हणाली, आणि कोथिंबिरीची एक जुडी वर टाकली. मला तर तो पुरस्कारच वाटला. घरी येऊन मी दोन दिवस ते सगळ्यांना सांगत होते.

हे सगळं मिळालं ते एका दुपारीमुळे. ती दुपार वेगळी गेली असती, तर माझं काम दोन सिनेमांवरच आटपलं असतं.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. मी तेविशीची, बालवाडीत शिकवत होते. पप्पा शाळेत गणिताचे मास्तर आणि आमच्या चर्चच्या मंडळीत पंच. म्हणजे रविवारी उपासनेला पहिल्या बाकावर, आणि घरीसुद्धा थोडेफार पहिल्या बाकावरच. माझे पहिले दोन सिनेमे त्यांना फार आवडले होते. महारोग्याची बहीण तर त्यांनी येईल त्या पाहुण्याला कौतुकानं सांगितली. मग तिसरा सिनेमा आला आणि त्यात माझ्या वाट्याला ती बाई आली. शास्त्रात, म्हणजे बायबलात, आहे ती. परपुरुषाबरोबर सापडलेली, लोकांनी दगडांनी मारायला फरफटत आणलेली, आणि प्रभूनं वाचवलेली.

मला काम ऐकूनच आनंद झाला होता. विधवांना नुसतं उभं राहून डोळे पुसायचे असतात. या बाईला जीव होता. पण पप्पांच्या हातातला पेपर खाली आला.

"दुसरी कुणी मिळाली नाही का त्यांना?"

"पप्पा, शास्त्रातलीच बाई आहे. तुम्ही स्वतः तिच्यावर संडेस्कूलमध्ये बोलला आहात."

"बोलणं वेगळं. लोक सिनेमा विसरतात, तोंड विसरत नाहीत. तुझं लग्न व्हायचंय."

आणि त्यांच्या दुर्दैवानं, खरं तर माझ्याच, ते खरं ठरलं. नगरकडचं एक स्थळ जवळपास ठरत आलं होतं. मुलाच्या काकांचं पत्र आलं: मुलगी सिनेमात तसलं काम करणार असल्याचं कानावर आलं, तरी क्षमस्व. अजून शूटिंगही सुरू झालं नव्हतं! कुणी कळवलं देव जाणे. पप्पांनी ते पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि मला एवढंच सांगितलं, "हे काम तू करायचं नाहीस. गेलीस, तर मी येऊन तिथून उचलून आणीन. त्यानंतर सिनेमा हा शब्द या घरात नको."

मी हट्टी. मी म्हटलं, जाणार. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलायचे बंद झाले. जेवताना आईला म्हणायचे, "हिला सांग, भाजी वाढ." मी हाताच्या अंतरावर बसलेली. आई एकदा वैतागून म्हणाली, "मी काय पोस्टमन आहे का दोघांची?" पण पप्पा ढिम्म. मला राग यायचाच, पण खरं सांगू? रागाच्या खाली भीती होती. मला वाटायचं, यांना माझी लाज वाटते. सिनेमा सुटला असता तर मी रडून मोकळी झाले असते, पण हे कसं सोसायचं ते मला कळत नव्हतं.

शूटिंग गंगापूरच्या पुढे नदीकाठी होतं. दगड मारण्याच्या प्रसंगाला गर्दी हवी होती. पुरुष आमच्या मंडळीतलेच होते, त्यांना दाढ्या चिकटवल्या आणि हातात स्पंजचे दगड दिले. ड्रॉइंगच्या सरांनी ते इतके हुबेहूब रंगवले होते की खऱ्या दगडांत मिसळले तर शोधत बसावं लागायचं. बायका कमी पडल्या, म्हणून शेजारच्या मळ्यांतून झेंडू तोडणाऱ्या दहा-बारा बायका बोलावल्या. त्यांच्या लुगड्यांवरून चादरी पांघरायला दिल्या. दिग्दर्शक सरांनी सांगितलं, "काही बोलायचं नाही, फक्त रागावलेलं दिसायचं." बायकांनी माना हलवल्या.

आणि इथेच आमचं चुकलं. आम्ही सगळे लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आलेलो. दगड पडत नाहीत, बाई वाचते, हे आम्हाला इतकं पाठ होतं की त्या बायकांना ते सांगायला हवं, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्यांनी ही गोष्ट जन्मात ऐकली नव्हती.

शॉट लागायच्या जरा आधी मी बघितलं तर बाभळीखाली आमची स्कूटर. पप्पा शाळेच्या कपड्यांतच आलेले, इस्त्रीचा शर्ट, काळे बूट. व्यवस्था बघणाऱ्या एका उत्साही माणसानं त्यांना ओळखलं नाही. तो दाढी घेऊन त्यांच्यामागे लागला, "काका, या ना, एक दगड घ्या हातात." पप्पांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो दाढी घेऊन पळाला. एरवी मी हसून लोळले असते. तेव्हा मी मनातल्या मनात विनवत होते, एवढा एक शॉट होऊ दे, मग न्या मला.

शॉट सुरू झाला. दोघांनी माझे दंड धरून मला ओढत आणलं आणि मातीत ढकललं. गुडघा खरंच खरचटला. केस तोंडावर आले. पुरुष ओरडायला लागले. प्रभूचं काम करणारे बँकेतले कारकून होते, ते शांतपणे खाली बसून बोटानं मातीत लिहायला लागले. पुरुषांनी दगड वर उचलले.

आणि कुणीतरी किंचाळलं, "ए मुडद्यांनो!"

झेंडूच्या मळ्यातली एक म्हातारी चादर फेकून मधे घुसली. सत्तरीची तरी असेल. तिनं एका पंचाच्या हातावर फटका मारला, त्याचा दगड उडाला. "पोरीच्या जातीला मारता? लाज नाय वाटत? आयाबहिनी नाय तुम्हाला?" मग ती वळली ती थेट प्रभूकडे. "आन् तू रे दाढीवाल्या! खाली बसून रेघा काय वढतो? ऊठ की! हात धर त्यांचा!" आमचे कारकून घाबरून खरंच उठले. म्हातारीनं माझ्याशेजारी बसकण मारली, आपला पदर माझ्या डोक्यावरून घेतला आणि मला छातीशी धरलं. तिच्या अंगाला झेंडूचा उग्र वास होता. मला सांगावं वाटत होतं की आजी, हे खोटं आहे. पण तोंडातून हुंदकाच फुटला. इतक्या दिवसांत मला असं कुणी जवळ घेतलं नव्हतं.

सर तोंड उघडं टाकून उभे. म्हातारीनं सगळ्यांवरून नजर फिरवली आणि मोठ्यानं विचारलं, "कोनाची लेक ही? हाय का नाय हिचं कोनी इथं?"

मी पदराखाली होते. मला फक्त माती आणि पाय दिसत होते. चपला, अनवाणी पाय, आणि मग त्यांच्यामधून येणारे काळे बूट. ते माझ्यापाशी येऊन थांबले.

"माझी," पप्पा म्हणाले. आवाज चिरकला म्हणून त्यांनी पुन्हा म्हटलं, सगळ्या मंडळींसमोर, पाढा म्हणताना आवाज लावायचे तसा खणखणीत. "माझी मुलगी आहे ती."

म्हातारीनं माझ्या तोंडावरचा पदर मागे सारला आणि त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"मंग इतका वखत तिथं लांब काय करीत व्हता?"

पप्पा खाली वाकले, इस्त्रीच्या पँटीसकट मातीत गुडघे टेकले आणि खिशातला रुमाल काढून माझ्या गुडघ्यावर धरला. म्हातारी मान डोलवत आम्हा दोघांकडे बघत होती.

मग सरांना वाचा फुटली. त्यांनी त्या बायकांना झाडाखाली बसवून सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. स्पंजचा दगड म्हातारीच्या हातात दिला, तिनं तो दाबून बघितला, शेजारणीला दाबायला दिला आणि बायकांची हसून मुरकुंडी वळली. म्हातारीचं मात्र समाधान झालं नव्हतं.

"म्हंजी शेवटाला मारत नाय ना तिला?"

"नाही आजी. सगळे दगड टाकून निघून जातात."

"मंग आदीच सांगाया काय झालं व्हतं?" ती म्हणाली. "उगा जीव खालीवर केला."

शॉट पुन्हा घेतला. आता बायका रागावलेल्या दिसेनात, अधूनमधून एखादी खुदकन हसायची. पाच वेळा मला मातीत ढकललं. पाचही वेळा पप्पा कॅमेऱ्याच्या मागे, चौकटीत येणार नाहीत इतक्या जवळ उभे होते. चौथ्या वेळी तर ते दंड धरणाऱ्यांना म्हणाले, "अहो, जरा जपून." सरांनी त्यांना तोंडावर बोट ठेवून गप्प केलं, आणि आमचे पप्पा, पहिल्या बाकावरचे, मुकाट्यानं गप्प बसले.

उन्हं कलायला लागल्यावर आम्ही निघालो. मी स्कूटरवर मागे बसले. तोंडावरची माती मी नदीवर धुतली होती, पण केसांत ती तशीच होती. वाटेत द्राक्षांचे मळे लागले, पुढे गिरणीचा भोंगा वाजला, तरी पप्पा एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, झालं, पुन्हा सुरू. जेवताना परत आईला मधे घालणार. घराच्या वळणावर त्यांनी स्कूटर थांबवली. वळून बघितलं नाही, हँडलवरचे हातही काढले नाहीत.

"उद्याचं किती वाजता आहे?"

मला क्षणभर कळलंच नाही की ते माझ्याशी बोलतायत. मी म्हटलं, "सातला."

"मग सव्वासहाला निघू," पप्पा म्हणाले. "शाळेत मी चिठ्ठी पाठवतो."