हिमालयाची थंडी आणि कडावचा भात

आमच्या गावात दर आश्विनात दोन प्रकारचे हवामानतज्ज्ञ उगवतात. पहिले देवळाच्या कट्ट्यावरचे. ते गुडघ्यावरून पाऊस सांगतात. गुडघे बारमाही दुखतात, त्यामुळे त्यांचा पाऊसही बारमाही असतो. दुसरे मोबाइलवरचे. माझा धाकटा भाऊ या दुसऱ्या वर्गातला. मुंबईतली नोकरी संपवून तो कडावला परतला आणि गावाला हवामान समजावून सांगण्याचे व्रत त्याने घेतले. गावाने ते मागितले नव्हते.

काही वर्षांपूर्वी, दिवाळीच्या तोंडावर, उत्तरेकडच्या डोंगराळ प्रदेशाचा अंदाज त्याच्या हाती लागला. एकामागून एक पश्चिमी झंझावात येणार, उंच भागात बर्फ पडणार, मागोमाग थंड, कोरडे वारे सुटणार. अंदाज अचूक होता. तिकडे बर्फ पडलाही. फक्त तो अंदाज हिमालयाचा होता आणि आमचा भात कडावात उभा होता. मधले अंतर भावाने स्वतःच्या अधिकारात रद्द केले.

"पाऊस संपला," त्याने जाहीर केले. "आता कोरडी हवा. सगळा भात एकदम आडवा करून टाकू."

आमची रीत तशी नाही. एक तुकडा कापायचा, त्याला दोन उन्हे दाखवायची, भारे बांधून घरी आणायचे, मग पुढच्या तुकड्याला हात लावायचा. आश्विनातला पाऊस दुपारनंतर घाटावरून उतरतो आणि उतरताना कोणाला विचारत नाही. मी हे एकदा सांगितले. मी एकदाच सांगतो.

"दादा, ते जुनं झालं. सॅटेलाइटला वरून सगळं दिसतं."

"दिसत असेल. त्याला जेवायचं नसतं."

शेत तिघांच्या वाट्याचे. मधला तुकडा आमच्या दिवंगत थोरल्या भावाचा, म्हणजे आता वहिनींचा. त्यात त्यांनी जुना, वासाचा भात राखला होता. त्याचे बियाणे गावात फक्त त्यांच्याकडे उरले होते. गेले असते तर कोणत्याही दुकानात मिळाले नसते. मजूर मात्र भावाने ठरवलेले होते. ते वहिनींच्या बांधाशी पोहोचले तेव्हा त्या आडव्या आल्या.

"भावजी, बियाचा भात हाय ह्यो. येवढा तरी उभा ऱ्हाऊ द्या."

"वहिनी, मजूर पुन्हा मिळायचे नाहीत. आणि थंडी येतेय. हवेतला फरक जाणवत नाही का तुम्हाला?"

"जाणवतो ना. कालच्यापरीस घाम जास्त येतो."

तरीही भात आडवा झाला. भावाने त्याचा फोटो काढून गावाच्या व्हॉट्सॲप गटात पाठवला. कट्ट्यावरच्या मंडळींनीही त्या दिवशी गुडघे बरे असल्याचे कळवले. दोन्ही शास्त्रांचे एकमत मी प्रथमच पाहिले, आणि तेव्हाच मला काळजी वाटली.

दुसऱ्याच दुपारी पूर्वेकडे घाट काळा पडला. आम्ही शेतात पोहोचेपर्यंत सरी सुरू झाल्या होत्या. भाऊ आपल्या तुकड्याकडे धावला.

"तुमचा ऱ्हाऊ द्या," वहिनी म्हणाल्या. "तो बाजारात मिळतो. बिया उचला आधी."

त्यांचा आवाज चढला नव्हता. भाऊ वळला.

ओल्या भाताचा ढीग घातला की तो तापतो आणि कोंब धरतो. तो पसरावाच लागतो. आमची पडवी लहान. वहिनींनी कोणाला न विचारता बियाच्या भाताचे भारे थेट भावाच्या दिवाणखान्यात नेऊन टाकले. सोफा भिंतीला लावला, काचेचे टेबल अंगणात काढले आणि चकचकीत फरशीवर चिखलासकट भात अंथरला.

"वहिनी, अहो, फरशी..."

"फरशीला कोंब येत नाय. पंखा मोठा करा, भावजी. आन् ती उत्तरेकडची खिडकी उघडा. तुमचा वारा येऊ द्या."

त्याने ती खरोखर उघडली. पाऊस आत आला. मग त्याने ती लावून घेतली.

शेतात राहिलेल्या भाताला आठवडाभरात कोंब फुटले. तो गुरांपुढे गेला. दिवाणखान्यातलाही बराच गेला. वहिनी पाय दुमडून बसल्या आणि एकेक लोंबी उजेडात धरून चांगली तेवढी वेगळी करू लागल्या. भाऊ समोर बसून पेंढ्या हाती देत होता. त्या काळात गटाला हवामान कळले नाही. गटाने विचारणाही केली नाही.

अखेरीस बियाण्याचा एक डबाही भरला नाही. पुढच्या पावसाळ्यात वहिनींनी त्याचे लहानसे रोप टाकले. भात पिकला तेव्हा भाऊ आपण होऊन बांधावर गेला आणि विळ्यासाठी हात पुढे केला. वहिनींनी विळा दिला नाही. त्याला बांधावरच बसवले आणि घाटाकडे तोंड करून बसायला सांगितले.