वर्गात मागं बसणारे साहेब

निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर सकाळी कुणीतरी जोंधळे साहेबांचा जुना फोटो टाकला. खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. मी लातूरच्या बाजारात मेथीची जुडी हातात धरून उभी होते. भाजीवाली म्हणाली, ‘घ्यायची का न्हाई, बाई?’ मी जुडी तशीच ठेवली आणि घरी आले. साहेब नांदेडला मुलीकडे असत. शेवटची भेट होऊनही बरेच दिवस झाले होते. आज त्यांना जाऊन काही आठवडे झाले, पण ग्रुपवरचे ते जोडलेले हात डोळ्यांपुढून जात नाहीत. त्यातल्या किती जणांना साहेब खरोखर माहीत होते, कोण जाणे…

गणपतराव जोंधळे शिक्षण विस्तार अधिकारी होते. तालुक्यातल्या शाळा तपासायच्या, शिक्षक कसा शिकवतो ते पाहायचं आणि वर्षाखेरीस त्याचा गोपनीय अहवाल लिहायचा, हे त्यांचं काम. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते बहात्तरच्या दुष्काळात. औशाकडच्या एका खेड्यात मला नुकतीच नोकरी लागली होती. लातूर तेव्हा जिल्हा नव्हता, आमची कचेरी उस्मानाबादला होती. साहेब सायकलवरून आले, तेव्हा वर्गात जेमतेम मूठभर मुलं होती. ‘बाकीची पोरं कुठं हायत?’ त्यांनी विचारलं. मी म्हणाले, ‘आईबापासंगं कामावर गेलीत, साहेब. खडी फोडायला.’ आता शेरा बसणार, असं मला वाटलं. पण त्यांनी सायकल भिंतीला टेकवली आणि म्हणाले, ‘चला मग, तिकडंच जाऊ.’

गावाबाहेर पाझर तलावाचं काम चाललं होतं. दुपारची सुट्टी झाली होती आणि सरकारी सुकडीचा खाऊ वाटून झाला होता. साहेबांनी मुकादमाला विचारून बाभळीखाली मुलं बसवली आणि मला म्हणाले, ‘शिकवा.’ स्वतः मागं, मुलांच्या रांगेत, धुळीत मांडी घालून बसले. मी धडा वाचला. चांगला वाचला, असं मला वाटलं. मुलं पुन्हा कामावर गेल्यावर साहेब म्हणाले, ‘बाई, तुम्ही वाचता छान. पण तुम्ही वाचत होता तवा मी पोरांकडं बघत होतो. तुम्ही पुढच्या तिघांनाच शिकवत होता. बाकीची नुसती बसलेली.’ माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांना दिसलं असणार, पण शब्द काही त्यांनी मागं घेतला नाही. मग म्हणाले, ‘असं करू. त्या बसलेल्यांपैकी एकाचं नाव सांगा. वर्षभरात त्याला वाचता आलं पाहिजे. आणि एक तुमचं सांगा. तुम्हाला काय शिकवता येत न्हाई?’

तपासणीला आलेल्या माणसानं असा प्रश्न विचारावा, हे मी ऐकलेलंसुद्धा नव्हतं. मी काशीचं नाव सांगितलं. ती वडाराची पोर, वर्गात कधी तोंड उघडायची नाही. आणि हळूच म्हणाले, ‘मला भागाकार शिकवता येत नाही.’ साहेबांना त्याचा आनंदच झाल्यासारखं दिसलं. पुढच्या खेपेला येताना त्यांनी पिशवीतून भुईमुगाच्या शेंगा आणल्या आणि मुलांपुढं वाटे घालून मला भागाकार शिकवायला शिकवलं. उरलेल्या शेंगा म्हणजे बाकी, म्हणून मुलांनी त्या खाऊन टाकल्या. वर्षानं काशी अडखळत, बोट ठेवून, एक पान वाचू लागली. साहेब मागं बसून ऐकत होते. ‘झालं,’ एवढंच म्हणाले. मग माझ्याकडं वळून, ‘आता पुढचं नाव?’

ते बौद्ध समाजातले. काही गावांत त्यांना चहा वेगळ्या कपातून यायचा, हे त्यांना कळायचं आणि आम्हालाही कळायचं. पाटलांच्या घरचे गुरुजी त्यांनी सांगितलेली उणीव ऐकून घेत आणि त्यांची पाठ वळली की म्हणत, ‘आता ह्यांनी आमाला शिकवायचं.’ साहेब अशा बोलण्याला कधी उत्तर देत नसत. आपण सगळ्यांचं सारखंच खरं लिहितो, हेच त्यांचं उत्तर होतं. त्यांचा त्यावर फार विश्वास होता… फारच.

लातूर जिल्हा झाला, तेव्हा साहेबांची बदली नव्या कचेरीत झाली. कपाटं यायची होती, फायली गाठोड्यांत बांधून आल्या होत्या, बसायला खुर्च्या कमी होत्या. एका बैठकीसाठी मी तिथं गेले, तर साहेब फायलींच्या ढिगाऱ्यावरच बसून कुणाला तरी समजावत होते. मला म्हणाले, ‘बाई, जिल्हा नवा हाय. अजून कुणाला कसली सवय लागली न्हाई. आत्ताच करून घेतलं तर होईल.’ दर वर्षी प्रत्येक शिक्षकाशी बसून बोलायचं. विद्यार्थ्याचं एक उद्दिष्ट ठरवायचं, शिक्षकाचं एक. गोपनीय अहवालातही ‘चांगले’, ‘बरे’ असलं न लिहिता काय येतं, काय येत नाही आणि पुढच्या वर्षी काय यायला हवं ते लिहायचं. वरच्या साहेबांनी मान डोलावली. बाभळीखालची ती रीत आता सगळ्या जिल्ह्याची होणार, म्हणून मलाही आनंद झाला होता.

त्या वर्षी साहेबांनी सगळ्यांचे अहवाल तसे लिहिले. त्यात आमच्या शाळेतल्या सोपान कांबळेचाही होता. सोपान साहेबांच्याच समाजाचा, घरातला पहिला शिकलेला. पोटतिडकीनं शिकवायचा, पण वर्गात दुसऱ्या कुणाला बोलू द्यायचा नाही. मुलानं प्रश्न विचारला की त्याला तो आपला अपमान वाटायचा. साहेबांनी लिहिलं, ‘मुलांना बोलू देत नाहीत. वर्षभरात हे बदलेल असा मला विश्वास आहे.’ सोपानला त्यांनी ते समोर बसवून वाचून दाखवलं होतं. त्यानंही मान्य केलं होतं. दोघांनी मिळून ठरवलं होतं की रोज शेवटचा तास मुलांच्या प्रश्नांचा ठेवायचा. तो तास सुरूही झाला होता. पहिल्या दिवशी एकानं विचारलं, ‘गुर्जी, दुष्काळ कोण आणतं?’ सोपाननं तो प्रश्न फळ्यावर लिहिला. मग म्हणाला, ‘उद्या सांगतो.’

अहवाल वर गेले. ज्यांच्या मागं कुणी होतं, त्यांनी आपापले बदलून आणले. सोपानच्या मागं कुणी नव्हतं. कचेरीनं साहेबांचं पहिलं वाक्य घेतलं, दुसरं सोडून दिलं. वेतनवाढ थांबली आणि बदली झाली थेट देवणीच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवेवर. तिथल्या मुलांच्या घरी कन्नड बोलत. सोपानची बायको बाळंतपणाला टेकलेली होती. साहेबांनी कचेरीत वाद घातला, वरच्या साहेबांपुढं उभे राहिले. ‘मी शिक्षा करायला लिहिलं नव्हतं,’ म्हणाले. त्यांना उत्तर मिळालं, ‘मग लिहिलंत कशाला?’

सोपान काही महिने तिथं राहिला आणि नोकरी सोडून पुण्याला निघाला. हे कळलं तेव्हा साहेब मला सोबत घेऊन त्याच्या घरी गेले. सामान बांधलेलं होतं. सोपाननं चटई टाकली, पाणी दिलं, सगळं रीतीनं केलं. साहेब म्हणाले, ‘सोपान, मी सगळ्यांचंच खरं लिहिलं होतं.’ तो खाली बघत होता. म्हणाला, ‘हाव साहेब, ठावं हाय मला. पण वाचलं माझं एकट्याचंच.’ आवाजात राग नव्हता. राग असता तर साहेबांना सोसलं असतं… परत येताना एसटीत ते खिडकीकडं तोंड करून बसले ते लातूर येईपर्यंत तसेच. सोपान पुढं पुण्यात कुठल्याशा सोसायटीच्या फाटकावर बसायचा, असं कुणीतरी सांगितलं. तो पुन्हा वर्गात उभा राहिला नाही.

त्यानंतर साहेब शाळेत यायचे ते मुख्याध्यापकांच्या खोलीत. चहा घ्यायचे, सह्या करायचे. सगळ्यांचा शेरा एकच, ‘समाधानकारक’. चांगल्यांचा तोच आणि वर्गात झोपणाऱ्याचाही तोच. एकदा मी न राहवून विचारलं, ‘साहेब, मागं येऊन बसत नाही का आता?’ ते म्हणाले, ‘काय करायचं बसून, बाई? बघितलं की लिहावं वाटतं.’ मी त्यानंतरही पुष्कळ वर्षं शिकवलं. कितीतरी मुलं माझ्या वर्गात नुसती बसून गेली असतील. मला ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं, आणि आपलं आपल्याला ते दिसत नाही. आता तर शिक्षक स्वतःच स्वतःचे गुण मोबाइलवर भरतात, सगळेच उत्कृष्ट असतात, आणि माझ्या शेजारच्या पाचवीतल्या पोरीला पाटी वाचता येत नाही.

शेवटच्या भेटीत मी त्यांना विचारलं होतं, ‘साहेब, आता तरी सांगा. मी कशी शिकवत होते?’ ते छान हसले. ‘चांगलं शिकवत होता, बाई.’ त्या एसटीच्या प्रवासानंतर त्यांनी माझा वर्ग पाहिलेलाच नव्हता.

गेल्या आठवड्यात नांदेडला त्यांच्या मुलीला, वंदनाला भेटायला गेले. साहेबांची खोली तिनं अजून आवरलेली नाही. खाट, चष्मा, औषधांच्या न फोडलेल्या पाकिटांचा ढीग. ती म्हणाली, ‘मावशी, बाबा कधी कशाला वाईट म्हणायचेच न्हाईत. शाळेत असताना मी निबंध दाखवायचे, तर छान. चित्र काढलं, छान. मग मी दाखवायचंच सोडलं. ह्या वर्षी पोट दुखत असणार त्यांचं, महिनोन्‌महिने. मी विचारायचे, डॉक्टर विचारायचे. ठीक हाय म्हणायचे. समजलं तवा डॉक्टरांच्या हातात काही राहिलं नव्हतं.’ मग तिनं मला विचारलं, ‘तुमच्या वेळेला पण असेच होते का हो?’

मला बाभळीखालची ती धूळ सांगायची होती. पण ज्या बापाला ती ओळखतच नव्हती, त्याची आता ओळख करून देऊन तिला काय मिळणार होतं? ‘लई शांत होते,’ मी म्हणाले. तिनं जेवायला वाढलं. मी पहिला घास घेतला, तशी ती समोर बसून म्हणाली, ‘मीठ बघा हो, मावशी. बाबांना विचारून उपयोग नसायचा, त्यामुळे मला अंदाजच राहिला न्हाई.’

वरणात मीठ नव्हतंच. तिचे डोळे रडून सुजलेले होते.

‘बरोबर आहे,’ मी म्हणाले.