झोपाळ्यामागची दोरी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — जाऊ दे, कारण नीट सांगता येणार नाही.

वारज्यात माझ्या घरी रविवारी सकाळी आम्ही काही जण जमतो. जुने भुताचे सिनेमे पाहायचे आणि मग चहा घेत त्यांतल्या न जुळणाऱ्या जागा शोधायच्या, एवढाच उद्योग. बंद हवेलीत मेणबत्त्या पेटवल्या कोणी? भर पावसातून आलेल्या बाईची साडी कोरडी कशी? मी नोकरी करतो आयटीत, पण या विषयातला शेवटचा शब्द माझा, असं सगळे मानायचे. मीही मानायचो — जरा जास्तच.

आमच्यातले डॉक्टर म्हणजे अरविंदराव. धायरीला त्यांचा दातांचा दवाखाना. सत्तरी ओलांडलेली, पण हात स्थिर. त्यांच्या पत्नी, सुमतीताई, सोबत यायच्या.

एका कृष्णधवल सिनेमावर आमचं फार भांडण व्हायचं. त्यात शेवटी कळतं की भूतबीत काही नव्हतं, इस्टेटीसाठी पुतण्यानंच सगळं नाटक रचलं होतं. मग मधे, पुतण्या सगळ्यांसमोर जेवत असताना, माडीवरचा रिकामा झोपाळा हलतो तो कसा? डॉक्टर म्हणाले, माळी दोरी ओढतो, खिडकीबाहेर त्याचा हात दिसतो, कॉलेजात असताना थिएटरात पाहिलंय. असा शॉटच नाही, मी म्हणालो. ते अडून बसले. तेव्हा मी म्हणालो —

"डॉक्टर, वय झालं की माणूस आपापला सिनेमा काढायला लागतो."

सगळे हसले. सुमतीताई हसल्या नाहीत. डॉक्टर हल्ली चाव्या विसरतात, तीच गोष्ट पुन्हा सांगतात, असं त्या माझ्या बायकोपाशी बोलल्या होत्या. मला ते माहीत होतं. माहीत असूनच बोललो का? — हो, असावं.

पुढच्या रविवारी निघताना ते दारात थांबले आणि हळूच विचारलं, खरंच नाही का रे तो शॉट? मी नाही म्हणालो. तोवर ते खोटं नव्हतं.

मग खडकीच्या एका गृहस्थांकडून त्या सिनेमाची जुनी प्रत मिळाली. एरवी पाहायला मिळते ती काटछाट केलेली, ही अख्खी. तिच्यात तो शॉट होता. खिडकी, हात, दोरी — डॉक्टर म्हणाले होते तसाच. मी मागे नेऊन पुन्हा पाहिला. लॅपटॉप मिटला.

एक फोन करायला काय लागतं? पण त्याच झोपाळ्यावर एका कॉलेजात माझं व्याख्यान ठरलं होतं, न सुटलेलं कोडं म्हणून. ते मी दिलं. चांगलं झालं. त्यानंतर सांगायचं म्हटलं तर आधी का नाही सांगितलं, तेही सांगावं लागलं असतं.

काही महिन्यांनी डॉक्टरांचाच फोन आला. दवाखाना बंद करतोय, म्हणाले. मी कारण विचारलं.

"अरे, जे डोळ्यांनी पाहिलं ते नव्हतंच म्हणतोस. मग कुणाच्या तोंडात हत्यार घालायचं ते कशाच्या भरवशावर?"

आवाजात तक्रार नव्हती. मी — मी म्हणालो, "बरं केलंत. आता आराम करा."

विसरत होतेच ते थोडंफार, दवाखाना आज ना उद्या बंद झालाच असता, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. त्यांच्या खुर्चीवरून एकाही पेशंटची तक्रार आली नव्हती, हेही मला ठाऊक होतं.

ती प्रत माझ्याकडे आहे. कुणाला दाखवलेली नाही.

डॉक्टर अजून येतात. सुमतीताई रिक्षानं घेऊन येतात. पूर्वी ते मध्येच तोडून बोलायचे, आता ऐकतात. परवा एका सिनेमाचा शेवट कुणालाच आठवेना. डॉक्टरांना आठवत होता, त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ते बोलले नाहीत. आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, मग बोलले.

बरोबर होतं.