तीन डोळ्यांचा राक्षस

“राक्षस कुठं हाय? आधी राक्षस दाखवा!”

देवळाली प्रवरातलं मंगल कार्यालय गच्च भरलेलं. पडद्यावर एक म्हातारी विहिरीच्या काठाला बसून आतल्या उजेडाशी बोलत होती. सिनेमा अजून निम्माही झाला नव्हता. मागून शिट्ट्या सुरू झाल्या.

“ए म्हातारे, टाक उडी एकदाची!”

सगळे हसले. खुर्च्या सरकू लागल्या.

सिनेमा प्रज्ञाचा. ती तिथल्याच शाळेत शिकवते. चार वर्षं सुट्ट्यांमध्ये शूटिंग करून तिनं तो पुरा केला. श्रीरामपूरचे एक थिएटरवाले शेठ पहिल्या रांगेत बसले होते. लोक शेवटपर्यंत बसले तर आठवडाभर लावतो, असं त्यांनी कबूल केलं होतं. दुसरं कोणी लावायला तयार नव्हतं.

राक्षस मात्र माझा होता.

मी सिनेमाचे बॅनर रंगवायचे. नवऱ्याबरोबर शिकले, तो गेल्यावर एकटीनं केले. फोटोवर बारीक चौकोन आखायचे, कापडावर तेवढेच मोठे आखायचे आणि एकेका चौकोनातलं चित्र वाढवत जायचं. पेंटरला फोटो मिळायचे, गोष्ट कोणी सांगायचं नाही. परग्रहाचा सिनेमा असला की यान, आग आणि एक हिरवं तोंड ठरलेलं. आत ते असो नसो. पुढं फ्लेक्स आले, काम संपलं.

प्रज्ञाला हातानं रंगवलेलाच बॅनर हवा होता. फोटो घेऊन घरी आली. काळाभोर ऊस, मधे विहीर, विहिरीतून जरासा उजेड.

“आजी, वरचं सगळं काळंच ठेवा. आभाळातून विहिरीत काय उतरलंय ते सिनेमात दिसतच नाही. लोकांनी अंदाज करायचा. मोबाईलवर दाखवू का सिनेमा?”

“नको. फोटो ठेव आणि जा.”

काळं रंगवून झालं. लांब उभं राहून बघितलं. निम्मं कापड रिकामं. रिकामी जागा दिसली की पेंटरनं अंगचोरी केली, असंच आमच्यात म्हणायचे. मी त्या काळ्यात तीन डोळ्यांचा हिरवा राक्षस काढला. दातांवरून लाळसुद्धा गाळली. तिला विचारलं नाही.

खेळाच्या दिवशी सकाळी बॅनर थेट एसटी स्टँडसमोर बांधला. प्रज्ञा बघतच राहिली.

“आजी, हा कोण?”

“गर्दी खेचणारा. बघच तू.”

लोक थांबून त्याच्याबरोबर सेल्फी काढत होते. ती कार्यालयात खुर्च्या लावायला गेली. मला वाटलं, पटलं तिला.

संध्याकाळी तासाभरात निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. मग शेठ उठले. “सिनेमा बरा आहे, बाई. पण पब्लिक बसत नाही.” चप्पल घालून गेले.

दिवे लागले. एकानं दारातूनच विचारलं, “मॅडम, आमाला येड्यात काढलं व्हय? कुणी काढाय लावला तो राक्षस?”

“मीच,” प्रज्ञा म्हणाली. “चूक माझी आहे.”

तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

सिनेमा कुठंच लागला नाही. नंतर मी तो तिच्याच मोबाईलवर पुरा बघितला. वरचं काळं का हवं होतं ते तेव्हा कळलं. रंगवायच्या आधी सिनेमा बघावा, एवढी साधी गोष्ट.

तिनं चूक स्वतःवर घेतली तेव्हा मी तिसऱ्या रांगेत होते. उठून बोलता आलं असतं. मी बसून राहिले.