आधी खणणाऱ्याने पडायचं

टॅलो क्रीकच्या मेळ्यात शनिवारी दुपारी क्लीट हेंड्री घोड्यावरून पडतो. घोडा भरधाव, मागून बंदुकीचा बार, आणि क्लीट खोगिरावरून असा उडतो की पहिल्यांदा आलेल्या एखाद्या बाईच्या तोंडून किंकाळी निघतेच. मग तो उठतो, टोपी झटकतो, आणि लोक रिंगण डोक्यावर घेतात.

ज्या जमिनीवर तो पडतो ती डेलमर योस्टने केलेली असते. हे कुणाच्या लक्षात येत नाही. येऊ नये अशीच ती केलेली असते.

डेलमर याच गावचा. बाप खाणीत होता. गावामागच्या तांबूस खडकांत त्या काळी दर वर्षी काऊबॉयच्या सिनेमांचं चित्रीकरण चाले. गावातली पोरं घोड्यावर बसायला मिळावं म्हणून तंबूंभोवती घुटमळत. डेलमरच्या हातात ओटिस ब्रम नावाच्या मुकादमाने फावडं दिलं. त्याने ते परत केलं नाही.

ओटिसचं काम सिनेमातल्या स्वारांच्या पडायच्या जागा तयार करण्याचं. गुडघाभर खोल खणायचं. निघालेली माती चाळायची, वाटाण्याएवढा खडासुद्धा राहता कामा नये. तिच्यात वाळू आणि लाकडाचा भुसा मिसळायचा. थर देत भरायचं, पण तुडवायचं नाही. शेवटी आसपासची कोरडी धूळ वर अशी पसरायची की कॅमेऱ्याला ठिगळ दिसू नये. ठिगळ दिसलं की खणणाऱ्याचं नाक कापलं गेलं.

"बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, मेला," ओटिस म्हणायचा. "पडणाऱ्याला वाटलं पाहिजे, आईने उचलून पाळण्यात टाकलं."

आणि एक नियम होता. जो खणेल त्याने आधी पडायचं. ओटिसच्याही आधी कुणा आळशाने चाळणी न लावता खड्डा भरला होता आणि एका स्वाराचा खांदा मोडला होता. तेव्हापासून ही रीत पडली. स्वार स्वतः जमीन तपासत नाही, तो खणणाऱ्याचा अपमान. तो फक्त विचारतो, "पडलास?" खणणारा म्हणतो, "पडलो." मग स्वार खोगिरावर चढतो. यात कुणी कधी खोटं बोललेलं नाही.

पुढे सिनेमे बनणं थांबलं. ओटिस गेला. डेलमर काउंटीच्या रस्त्यांच्या कामावर लागला आणि डांबर, गटारं, बर्फ असं सगळं उपसून निवृत्त झाला. पण ते जुने सिनेमे पाहून वाढलेली माणसं गावात येऊ लागली. कुठला नायक कुठल्या खडकाआड लपला होता ते जुन्या फोटोशी ताडून बघू लागली. त्यातून मेळा उभा राहिला. सकाळी खडकांची फेरी, शाळेच्या सभागृहात कृष्णधवल सिनेमे, दुपारी रिंगणातला खेळ. त्यासाठी क्लीट दर ऑक्टोबरात येई. डेलमरच्या मातीवर तो ऐन तारुण्यात पहिल्यांदा पडला होता. दुसऱ्या कुणाच्या मातीवर पडायला तो तयार नसे.

या वर्षी वसंतात शस्त्रक्रिया करून डेलमरचा खुबा बदलला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चाला. थोडं थोडं काम करा. पण पडायचं नाही." घरी निघताना त्यांनी बसायला एक गोल उशी दिली. डेलमरने ती प्लास्टिकमधून न काढताच गाडीच्या मागच्या सीटवर टाकून दिली.

सप्टेंबरात क्लीटचा फोन आला.

"खुबा कसा आहे?"

"माझ्यापेक्षा तरुण आहे."

"माती होईल?"

"होईल."

"ते ठाऊक आहे मला. तू पडशील का?"

डेलमरने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हे बघ डेल," क्लीट म्हणाला, "जमत नसेल तर मी या वर्षी पिस्तुलं फिरवतो. लोक त्यालाही टाळ्या देतात. न पडलेल्या जमिनीवर मी नाही पडणार. आणि तू पडच असंही नाही म्हणणार."

"पिस्तुलं जोकर फिरवतात," डेलमर म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

त्याची बायको अर्लीन ओट्यापाशी बटाटे सोलत होती. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म घालवलेली बाई, हाडापेराने दणकट. मेळ्यात सकाळी धिरड्यांसारखे जाड पॅनकेक आणि घेवड्याचं कालवण तिच्याच हातचं असे.

"तू पडणार नाहीस," ती सुरी न थांबवता म्हणाली.

"मी कुठे काय म्हटलं?"

"तुझा खुबा मोडला तर डॉक्टरीण तुला शिव्या देईल. मी तुला तिथेच पुरीन. खड्डा तयारच असेल."

डेलमरने मेळ्याच्या आधी आठवडाभर काम केलं. पूर्वी दोन दिवसांत उरकायचं, या वेळी तो रोज थोडं थोडं खणे आणि उलट्या बादलीवर बसून माती चाळे. चाळण्यात मात्र सूट नव्हती. हळू काम करणं आणि कमी काम करणं यात फरक आहे. प्रेक्षकांच्या डोळ्यांवर ऊन येतं म्हणून या वर्षी बाकं दुसऱ्या बाजूला नेली होती, तेव्हा पडायची जागाही हलली. ती आता उत्तरेच्या कुंपणालगत, मोडक्या गाडीचं चाक टेकवलं होतं तिथे होती. हे त्याने क्लीटला सांगितलं. आणखी कुणाला सांगायचं कारण नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी त्याने वर धूळ पसरली, मागे सरून बघितलं, आणि त्याची त्यालाच जागा सापडेना. तो खूश होऊन घरी गेला.

शनिवारी सकाळी अर्लीनने त्याला पॅनकेकच्या तव्याशी बांधून ठेवलं. समोर रांग. नवे कोरे बूट घातलेले बँकवाले, छातीवर मार्शलचा तारा लावलेले दंतवैद्य, झालरी लावलेल्या जाकिटातल्या आज्या. गर्दी ओसरून लोक सिनेमाला गेले तेव्हा अर्लीन पातेलं घासायला वळली. डेलमरने एप्रन काढला आणि तो सटकला.

रिंगणात कुणी नव्हतं. त्याने गवताची एक गासडी ओढत त्या जागेपाशी आणली. रीतीप्रमाणे गासडीवर उभं राहून डाव्या कुशीवर पडायचं. तो एक पाय गासडीवर टाकून कुंपणाला धरून उभा होता, तोच मागून आवाज आला.

"डेलमर युजीन योस्ट!"

पूर्ण नाव अर्लीन फक्त संतापली की घेई.

"उजव्या कुशीवर पडतो," तो म्हणाला. "नवा खुबा डावा आहे."

"खाली उतर."

"मी पडलो नाही तर क्लीट पडणार नाही. क्लीट पडला नाही तर पुढच्या वर्षी मला कुणी फावडं देणार नाही. मग मी काय करायचं? तुझ्यामागे ओट्यापाशी उभं राहून चमचे पुसायचे?"

अर्लीनने त्याच्याकडे बघितलं. चमचे पुसणारा डेलमर तिच्याही डोळ्यांसमोर उभा राहिला असावा. तिने हाताचा साबण एप्रनला पुसला.

"कुठे पडायचं?"

"म्हणजे?"

"जागा दाखव. लग्नाआधी बापाच्या गुरांमागे घोड्यावर होते मी. तुझ्या क्लीटपेक्षा जास्त वेळा पडलेय, आणि मला कुणी टाळ्या दिल्या नाहीत."

"तू खणलं नाहीस."

"हा सगळा आठवडा तुझे कपडे कोणी धुतले? अर्धी माती माझ्याच बादलीतून गेली. सरक."

ती गासडीवर चढली, हात छातीशी घेतले आणि डाव्या कुशीवर गेली.

धाड, असा आवाज झाला. मऊ मातीचा आवाज दबका असतो, पिठाचं पोतं ठेवल्यासारखा. हा दार आपटल्याचा आवाज होता.

"लागलं?" तो कसाबसा वाकला.

"ही तुझी मऊ माती?" अर्लीन कुल्ला चोळत उठून बसली. "याच्यापेक्षा चर्चचे बाक बरे!"

डेलमरने टाच आपटली. वर पापुद्रा होता, चांगला चार बोटं जाड आणि विटेसारखा. फोडून बघितला तर आत ओल. इथली खारी माती एकदा भिजली आणि उन्हाने तापली की दगड होते, आणि वरून पुन्हा पांढरी दिसते.

"रॉइस!" तो ओरडला.

रॉइस पाण्याचा टँकर चालवी. रस्त्याच्या कामावर तो डेलमरच्या हाताखाली होता आणि अजून त्याला बॉस म्हणे. तो धावत आला.

"रिंगणात पाणी मारलंस?"

"सकाळीच, बॉस. मिरवणूक आतून जाणार म्हणाले, बायांचे झगे धुळीने खराब होतात. पण तुमच्या जागेला थेंब लागू दिला नाही. शपथ!" त्याने दक्षिणेच्या कुंपणाकडे बोट केलं. तिथे गेल्या वर्षीच्या जागेभोवती त्याने चार दगडही मांडून ठेवले होते.

डेलमर त्या दगडांकडे बघत राहिला. रॉइसने काळजी घेतली होती. चुकीच्या जागेची, पण मनापासून.

"इथे मातीची खूण दिसली नाही तुला?" अर्लीनने विचारलं.

"काहीच दिसलं नाही, बाई. बॉसचं काम कुणाला दिसतं?"

अर्लीन हसली. कुल्ला दुखत होता तरी हसली. "ऐकलंस? आता घे शाबासकी."

"सांगायला हवं होतं तुला," डेलमर रॉइसला म्हणाला. "फावडी आण. असतील तेवढी."

"यंत्र आणतो, बॉस. एका फटक्यात उकरतो."

"यंत्र आणलंस तर शेजारची घोड्याची वाट चेपेल. हातांनी करायचं."

तेवढ्यात सिनेमा सुटला. लोक रिंगणाकडे येऊ लागले आणि कुंपणापाशी थबकले. नेब्रास्काच्या हॅरिएटबाई सगळ्यांत पुढे होत्या. निवृत्त शिक्षिका, दर वर्षी जुन्या फोटोंची चळत घेऊन खडक ओळखत हिंडत.

"हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

आजवर अशा वेळी डेलमरने फावडं पाठीमागे लपवलं असतं. आता लपवायला वेळ नव्हता. "क्लीट इथे पडतो. जमीन कडक झालीय. मऊ केली नाही तर खेळ नाही."

"म्हणजे इतकी वर्षं ती जमीन केलेली असायची?"

"मग काय, तो रबराचा आहे?"

हॅरिएटबाईंनी फोटो अर्लीनच्या हातात दिले, झालरीच्या बाह्या वर केल्या आणि कुंपण ओलांडलं. त्यांच्यामागून ओळखीची-अनोळखी सगळीच आली.

डेलमर बादलीवर बसला आणि बोलून काम करून घेऊ लागला. हे त्याला खणण्यापेक्षा जड गेलं. "ढेकूळ फोडा. फोडा म्हटलं, कुरवाळू नका." तारा लावलेला एक मार्शल दोन घाव घालून फावड्यावर रेलला. "ओ मार्शल, फावडं म्हणजे काठी नाही. रेलायचं असेल तर कुंपण रिकामं आहे." मार्शल लाल होऊन पुन्हा खणू लागला. चाळणी हॅरिएटबाईंनी धरली ती कुणाला दिली नाही. त्यांनी काढलेला एक खडा डेलमरने हातात घेऊन बघितला.

"याहून लहान चालतो," तो म्हणाला.

"मला चालत नाही," बाई म्हणाल्या.

चाळणीकडे डेलमरने परत बघितलंच नाही.

भुसा मिसळून झाला, थर भरले, धूळ पसरली गेली. घोडा घेऊन क्लीट फाटकापाशी आला तेव्हा घामाने भिजलेले बँकवाले आणि मळलेल्या आज्या रांगेने उभ्या होत्या.

"झालं?" रॉइसने विचारलं.

"नाही," डेलमर म्हणाला. "जो खणेल त्याने आधी पडायचं."

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. मग हॅरिएटबाई गासडीवर चढल्या. "डावी कूस ना?" आणि पडल्या. पिठाचं पोतं ठेवल्यासारखा आवाज आला. डेलमरने डोळे मिटून तो ऐकला.

त्यानंतर रांगच लागली. मार्शल पडला. एक बँकवाला चष्मा काढून पडला. एक जाडजूड गृहस्थ पडून उठेचना. लागलं काय म्हणून लोक धावले तर म्हणाला, "पडू द्या हो जरा. घरची गादी अशी नाही." प्रत्येकामागून डेलमर दाताळ्याने माती सारखी करी आणि पुढच्याला बोलावी. रॉइस दोनदा पडला. एकदा खणल्याबद्दल, एकदा पाण्याबद्दल.

क्लीट घोड्यावरून हे सगळं बघत होता. रांग संपली तसा तो जवळ आला.

"पडलास?"

डेलमरने नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं.

"नाही," डेलमर म्हणाला. "मी नाही पडलो. अर्लीन पडली आणि तिला लागलं. मग यांनी खणलं, आणि हे सगळे पडले."

क्लीटने रांगेवरून नजर फिरवली. सगळ्यांची डावी बाजू पांढरी होती.

"माती कोणाची?"

"माझी."

"मग विचारायचं काय राहिलं?" क्लीटने टोपी घट्ट केली. "इतक्या माणसांनी चाखलेलं ताट मला पहिल्यांदाच मिळतंय."

घोडा सुटला. बार झाला. मोडक्या चाकापाशी क्लीट खोगिरावरून उडाला. या खेपेला किंकाळी निघाली नाही. सगळी बाकं कान देऊन होती. दबका आवाज आला, आणि क्लीट उठायच्या आधीच लोक ओरडत उभे राहिले. निम्मे क्लीटकडे बघत होते. निम्मे वळून बादलीकडे बघत होते, आणि डेलमरला हात कुठे ठेवावेत ते कळेना.

संध्याकाळी सभागृहात शेवटचा सिनेमा होता. लाकडी बाक. अर्लीन बसली, "आई गं" म्हणून उठली. डेलमर बाहेर गेला, गाडीतून ती गोल उशी घेऊन आला, प्लास्टिक फाडलं आणि तिच्यासमोर धरली.

"तुझी आहे ना ती?" अर्लीन म्हणाली.

"जो पडला त्याची."

ती उशीवर टेकली. पुढच्या रांगेतून हॅरिएटबाई वळल्या. "डेलमर, पुढच्या वर्षी चाळणी माझी. आत्ताच सांगून ठेवते."

"गुरुवारी या," डेलमर म्हणाला. "शनिवारी येऊन काम होत नसतं."

दिवे मालवले. पडद्यावर एक स्वार दरीतून भरधाव आला, गोळी लागून उडाला आणि दगडाळ जमिनीवर आदळला. सभागृहात कुणीही स्वाराकडे बघितलं नाही. सगळे माना पुढे काढून जमिनीतलं ठिगळ शोधत होते.

"दिसतंय का?" अर्लीनने हळूच विचारलं.

"नाही," डेलमर म्हणाला. "ओटिसचं आहे."

कडक बाकावर बसल्याने त्याचा खुबा ठणकत होता. त्याने ते सांगितलं नाही. अर्लीनने मात्र थोडं सरकून अर्धी उशी मोकळी केली.

"बस," ती म्हणाली. "नाहीतर उद्या उठताना मलाच धरावं लागेल."

तो बसला.