बावीस ऑगस्टचा पद्माकर

पद्माकर पांढरीपांडे हे नाव आयरिश जिभेला झेपणारं नव्हतंच. त्यामुळे बेसबॉलच्या क्लबात पहिल्याच दिवशी त्याचा पॅडी झाला. नागपुरात आजोबांनी पंचांग बघून, बारशाला अख्खी गल्ली जेवू घालून ठेवलेलं नाव, ते दोन अक्षरांत आटोपलं. पद्माकरने मनावर घेतलं नाही. मनावर न घेणं हा त्याचा जन्माचा धंदा होता.

तसा माणूस साधा. डब्लिनच्या सिटीवेस्ट भागातल्या एका कंपनीत दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, संध्याकाळी घरी येऊन कुकर लावायचा, कारण बायको माधवी नासच्या हॉस्पिटलात डॉक्टर आणि तिच्या ड्यूटीला ना दिवस ना रात्र. एकुलती एक लेक रेवा, तेरा वर्षांची. ती मराठी सगळं समजायची आणि उत्तर मात्र डब्लिनच्या इंग्रजीत द्यायची. कॉलेजात पद्माकर युनिव्हर्सिटीच्या क्रिकेट टीममध्ये होता, म्हणजे बारावा होता. पाणी नेलं, पॅड उचलली, कुणाचा पाय मुरगळला तर फील्डिंगला उभा राहिला. डब्लिनला आल्यावर इथल्या देशी क्रिकेट क्लबानेही त्याला वर्षभरात ओळखलं आणि चहाच्या थर्मासपाशी बसवलं.

मग शेजारचा डेक्लन भेटला. याचा एक बेसबॉलचा क्लब होता. आयर्लंडमध्ये बेसबॉल म्हणजे आपल्याकडे विदर्भात बर्फावरची हॉकी, पण हौसेला मोल नाही. पार्कात पद्माकरने कुणाचा तरी लांब गेलेला चेंडू उचलून सरळ रेषेत परत फेकला, तो डेक्लनने पाहिला. "उद्यापासून तू आमचा," म्हणाला. पंचेचाळिशीत पद्माकर पहिल्यांदा कुठल्यातरी टीमच्या आतला माणूस झाला. त्या रात्री तो झोपेत हसत होता, असं माधवी सांगते.

दोन हजार वीसच्या लॉकडाऊनमध्ये खेळ बंद पडला, तेव्हा डेक्लनने क्लबाच्या इंटरनेटवरच्या पानावर रोज सकाळी एक सदर सुरू केलं, 'आजच्या दिवशी'. याच तारखेला पूर्वी कधीतरी अमेरिकेत कुणी केवढा चेंडू भिरकावला, कुणी शेवटच्या क्षणी सामना फिरवला, असे दोन-तीन किस्से. आणि त्याच्याखाली, असलाच तर, आपल्या क्लबाचा त्या तारखेचा पराक्रम. पद्माकर ते रोज चहासोबत वाचायचा. आपलं नाव कधी त्यात यावं, असं त्याला वाटायचं, आणि यात लाजण्यासारखं काय आहे?

नाव आलं. कसं आलं ते ऐका.

त्या वर्षी बावीस ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. पद्माकरने पहाटे गणपती बसवला, आरती केली, उकडीचे मोदक माधवीच्या गळ्यात टाकले आणि बॅट घेऊन पळाला. माधवी तणतणली, "आजच्या दिवशी सुद्धा? लाज वाटते का जराशी?" पण मोठा सामना होता. प्रेक्षकांना बंदी, मैदानात फक्त खेळाडू. शेवटची पाळी, दोन्हीकडे सारखा स्कोअर, एक रन झाली की जिंकलो. पद्माकरने बॅट फिरवली आणि चेंडू असा बसला की पार कुंपणाशी गेला. पळाला बिचारा. पहिला बेस, दुसरा, तिसरा. डेक्लन ओरडतोय, "बॅट टाक, पॅडी, बॅट टाक!" पण गल्लीत का होईना, वीस-पंचवीस वर्षं हातात बॅट घेऊन धावलेला माणूस ती टाकेल कशी? शेवटी 'होम'च्या, म्हणजे जिथून पळायला सुरुवात केली त्या पांढऱ्या पाटीपाशी समोरचा खेळाडू चेंडू घेऊन वाट बघत उभा. पद्माकरने क्रीजमध्ये मारतात तशी झेप घेतली, हात लांब केला आणि बॅटचं टोक पाटीवर टेकवलं. चेंडू अंगाला लागायच्या आधी. क्रिकेटमध्ये असता तर शंभर टक्के वाचला होता.

बेसबॉलमध्ये अंग टेकावं लागतं. बॅटला तिथे काडीची किंमत नाही. नियम त्याला पाठ होता हो, पण हाताला कोण सांगणार? अंपायरने आऊट दिल्यावर तो उठला, बॅट पाटीकडे रोखली आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "माय बॅट वॉज इन! माय बॅट वॉज इन!" मग जादाच्या पाळीत सामना गेला. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, तोही चतुर्थीच्याच दिवशी.

बाकावर बसलेल्या कुणीतरी हे सगळं फोनवर घेतलं होतं. डेक्लनने गंमत म्हणून पानावर टाकलं. अर्ध्या आयर्लंडने पाहिलं. आणि आपली माणसं? ती तर त्याहून पुढची. नासला राहणारा उल्हास, ज्याला तिथल्या किल्डेअर जिल्ह्यात लॉकडाऊन म्हणून दर्शनाला येता आलं नव्हतं, त्याने तो व्हिडिओ मराठी ग्रुपवर फिरवला. संध्याकाळी झूमवर सगळ्या घरांची एकत्र आरती झाली. मंत्रपुष्पांजली संपते न संपते तोच उल्हास म्हणाला, "गणपती बाप्पा मोरया, माय बॅट वॉज इन!" चाळीस खिडक्यांमधून माणसं फिदीफिदी हसली.

"अरे पद्या, गंमत रे," तो नंतर म्हणाला. "मनाला लावून घेऊ नको."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला? पद्माकरही हसला. हे सगळं त्याने गिळलं असतं. पण आठवड्याभराने शाळा सुरू झाली आणि रेवा रडत घरी आली. वर्गातली मुलं दाराच्या उंबऱ्यावर हर्लिंग या आयरिश खेळाची काठी टेकवून ओरडत होती. तेच वाक्य, आणि मुद्दाम त्याच्याच उच्चारात, मान हलवत, अगदी त्याच्यासारखं. "डॅड, दे आर ऑल डुइंग युअर व्हॉइस," ती म्हणाली. तू ओरडलास कशाला, म्हणाली. त्या दिवसापासून शाळेच्या फाटकाशी यायचं नाही, असा हुकूम निघाला. त्याने लुआस ट्रामच्या स्टॉपवर थांबायचं, ती तिथे येणार, आणि मैत्रिणी सोबत असल्या तर तोही नाही. आठ वर्षं याच मुलीचं दप्तर त्याने खांद्यावर वाहिलं होतं. तिचा बाप तिला आता लपवायची वस्तू झाला होता, आणि हे मात्र त्याने मनावर घेतलं. चांगलंच घेतलं.

तो डेक्लनकडे गेला. म्हणाला, बाबा रे, तो व्हिडिओ काढ. डेक्लन वाईट माणूस नव्हता, पण हसणाऱ्याला टोचणाऱ्याचं कळत नाही. "अरे, लोकांना आवडतोस तू! क्लबात तुझ्याएवढा फेमस कोण आहे?" वर म्हणाला, "बावीस ऑगस्टला याहून भारी काहीतरी करून दाखव. मी स्वतः बदलतो. शब्द देतो." त्याने हे हसत हसत म्हटलं. पद्माकरने गाठ बांधून ठेवलं.

सगळा हिवाळा घरापासून पाच किलोमीटरच्या आत राहायचं, असा सरकारी दंडक. त्या पाच किलोमीटरात एका बंद गोदामाची भिंत होती. पद्माकर कामावरून उठला की त्या भिंतीवर चेंडू मारायचा आणि पकडायचा. हात बधिर व्हायचे, कुत्री फिरवणारे लोक थांबून बघायचे. माधवी वैतागली. "वेड लागलंय का तुला? आणि काय ते बावीस ऑगस्ट, बावीस ऑगस्ट! मागच्या वर्षी ती भाद्रपद चतुर्थी होती. यंदा त्या दिवशी राखी पौर्णिमा आहे, श्रावण. कुठली आली तीच तारीख?"

"डेक्लनला तिथी कळते का?" पद्माकर म्हणाला. "काहून उगाच डोकं खाते माझं!"

पुढच्या वर्षीचा बावीस ऑगस्ट रविवारी आला आणि त्या दिवशी सामनाही ठरला. या वेळी प्रेक्षकांना परवानगी होती. माधवीची ड्यूटी होती, म्हणून तिने जाताना रेवाला दटावलं, "बाबासोबत जायचं. आणि तोंड सरळ ठेवायचं." रेवा आली. हुडी डोळ्यांपर्यंत ओढून, घडीच्या खुर्चीवर, सगळ्यांपासून लांब. सकाळीच डेक्लनच्या पानावर 'आजच्या दिवशी' झळकलं होतं. वर अमेरिकेतले दोन महारथी आणि त्यांच्या खाली बॅट रोखून ओरडणारा पद्माकर.

तो बॅटिंगला आला की सगळ्यांचे फोन वर. "बॅट टाक, पॅडी!" सगळं मैदान एका सुरात. त्याच्यावर बॅट टाकायची वेळच आली नाही, तिन्ही वेळा चेंडू लागलाच नाही. लोकांची निराशा झाली. फोन खिशात गेले, कुणी चिप्स आणायला गेलं, कुणी सामान आवरू लागलं.

शेवटची पाळी. आता समोरचे बॅटिंगला, पद्माकरचा क्लब एका रनने पुढे, त्यांचे दोन गडी बेसवर आणि एकच बाद करायचा राहिलेला. त्यांच्या दांडगट गड्याने चेंडू हाणला तो थेट पद्माकरच्या डोक्यावरून. पडला तर सामना गेला. पद्माकर वळला आणि पाठमोरा धावला. ग्लोव्ह डाव्या हातात, चेंडू उजवीकडून उतरतोय, वळायला वेळ नाही. त्याने उघडा उजवा हात लांब केला, पार खांदा निखळेपर्यंत, आणि चेंडू त्या नुसत्या पंजात येऊन आदळला. करंगळीत काहीतरी कडकन मोडलं. तो गवतात कोसळला, गडगडत गेला, पण मूठ सोडली नाही. वर उचलली तेव्हा चेंडू मुठीत होता.

काय तो जल्लोष! टीम त्याच्या अंगावर पडली. सगळ्यांच्या खालून, कुणाच्या तरी बुटाशेजारून, त्याने आधी कडेला पाहिलं. रेवा उभी होती. हुडी मागे पडली होती आणि ती टाळ्या वाजवत होती. पद्माकरच्या डोळ्यांत पाणीच आलं. वर्षभराचं सगळं वसूल झालं असं त्याला वाटलं.

"पॅडी, यू ब्यूटी!" डेक्लनने त्याचा मुका घेतला आणि मग सगळ्यांकडे वळून विचारलं, "कुणी घेतला का व्हिडिओ?" सगळे एकमेकांकडे बघू लागले. तीन वेळा फजितीची वाट बघणारे वीस फोन, आणि झेल घेतला तेव्हा एकही बाहेर नव्हता.

"आजचं पान बदलशील ना?" पद्माकरने विचारलं.

"बदललं असतं रे," डेक्लन ओशाळून म्हणाला. "पण नुसतं लिहून कोण वाचतं? त्या व्हिडिओखाली लिहितो ना एक ओळ, आज जिंकलो म्हणून. ग्रँड?"

"ग्रँड," पद्माकर म्हणाला. गेलं खड्ड्यात ते पान! ज्या जिवासाठी हा खटाटोप केला तिने तर पाहिलं होतं. तो गाडीत बसला. मोडलेली करंगळी सुजून टरटरली होती, ती त्याने स्टीअरिंगवर तशीच ठेवली, रेवाला दिसेल अशी. म्हटलं, विचारेल. पोरगी विचारेल.

रेवा फोनमध्ये होती. बऱ्याच वेळाने, अगदी गोड आवाजात, ती म्हणाली, "डेडली कॅच, डॅड. राइट इन द ग्लोव्ह."

पद्माकरला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं. सगळे उभे राहिले म्हणून ती उभी राहिली होती, सगळ्यांनी वाजवल्या म्हणून तिने टाळ्या वाजवल्या होत्या. आणि आता बापाला बरं वाटावं म्हणून खोटं बोलत होती, बिचारी.

"हो," तो म्हणाला. "बरोब्बर ग्लोव्हमध्ये."

घरी माधवी ड्यूटीवरून आली होती. करंगळी बघताच तिने त्याला खुर्चीत बसवलं, बर्फ आणला आणि विचारलं, "हे कसं झालं?" रेवा समोरच उभी होती. पद्माकरने तिच्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, अजूनही, चुकून, हिने एका डोळ्याने पाहिलं असलं तर ती आत्ता बोलेल.

"मैदानाच्या फाटकात सापडलं," तो हळूहळू म्हणाला. "निघताना."

"कमाल आहे बाई! साधं फाटक लावता येत नाही या माणसाला."

रेवा खळखळून हसली. वर्षभरात पहिल्यांदाच ती बापाजवळ आली, त्याच्या गळ्यात हात टाकला आणि म्हणाली, "ओन्ली यू, डॅड!"