ओमेरचा डावा हात

ओमेर डेगलने जीपीएस मागितला तेव्हा वॅलमोंटच्या दुकानात असा काही हशा पिकला की पलीकडच्या चर्चमधला पाद्री बाहेर डोकावून गेला म्हणतात. हसतील नाही तर काय! खोऱ्यातल्या, बर्फावर धावणाऱ्या स्नोमोबाइल गाड्यांच्या निम्म्या वाटा या बाबाने स्वतः करवत चालवून काढलेल्या. बटाट्याच्या कुठल्या शेताच्या कडेने वळायचं, कुठल्या ओढ्यावरचा बर्फ दगाबाज, यंदा कुठला शेतकरी रुसलाय आणि त्याने वाट अडवलीय, सगळं याच्या डोक्यात. आणि हाच म्हणतोय, वाट दाखवणारं यंत्र दे.

"काय रे ओमेर, घर सापडेनासं झालं की काय?" शेगडीपाशी कॉफी ढोसत बसलेल्यांपैकी एकाने टोमणा मारला.

"घर सापडतंय. वाटेत तुझ्यासारखे भेटतात, ते चुकवायचे कसे, तेवढं कळत नाही," ओमेर म्हणाला. पुन्हा हशा. तो स्वतः मात्र हसला नाही. हल्ली हसायचाच नाही फारसा.

दुकानदार वॅलमोंटने काचेच्या कपाटातून सगळ्यात मोठं यंत्र काढलं. "हा घे. ताटाएवढा पडदा. नुसतं बोट लाव की नकाशा सरकतो, दोन बोटं लावली की..." बोलता बोलता त्याची नजर ओमेरच्या डाव्या हातावर गेली आणि त्याने जीभ चावली. त्या हाताला अंगठा सोडला तर बोटच नव्हतं.

"माझ्यासाठी नकोय," ओमेर म्हणाला. "नोएला येतेय. तिच्या गाडीवर बसवायचाय."

शेगडीपाशी बसलेल्यांनी कप खाली ठेवले. नोएला ही ओमेरची एकुलती लेक. तिची आई, ऑरोर, रूळ उखडलेल्या जुन्या रेल्वेच्या वाटेवर स्नोमोबाइलच्या अपघातात गेली त्याला नऊ हिवाळे झाले. तेव्हापासून पोरगी स्नोमोबाइलवर बसली नव्हती. दक्षिणेकडे शहरात नोकरीला लागली ती तिकडचीच झाली. या खेपेला मात्र फोनवर आपणहून म्हणाली, "पापा, मला त्या वाटेने घेऊन चल. ममा गेली त्या वाटेने."

"मग तू पुढे हो की, पोरगी येईल मागनं," वॅलमोंट म्हणाला. "यंत्राला कशाला पैसे घालतोस?"

"ती पुढे जाईल. मी मागे."

 वॅलमोंटने मोठं यंत्र गुपचूप आत ठेवलं आणि बटणांचं, जाडजूड, दिसायला अगदीच ओबडधोबड असं एक काढून दिलं. जाड हातमोजे घालूनही दाबता येतील अशी बटणं, बर्फावरच्या उन्हातही वाचता येईल असा पडदा. स्नोमोबाइल क्लबचा या वर्षीचा नकाशाही त्यात भरून दिला, कारण वाटा दर हिवाळ्याला जागा बदलतात. ओमेरला हवं होतं ते हेच.

आता या मुलखातली एक रीत सांगायलाच हवी. वाट अरुंद, वळणं आंधळी. समोरून गाडी आली की डावा हात वर करायचा आणि आपल्या मागे किती गाड्या आहेत तितकी बोटं दाखवायची. मागे दोन, तर दोन बोटं. एक, तर एक. सगळ्यात शेवटच्याने मूठ दाखवायची. मूठ म्हणजे माझ्या मागे कुणी नाही, वाट मोकळी. उजवा हात वापरून चालत नाही, त्याचा अंगठा वेगाच्या खटक्यावर असतो, सोडला की गाडी बसली. म्हणून डावाच.

ऑरोर गेली त्या साली बटाटे काढताना ओमेरची डाव्या हाताची चारही बोटं यंत्राच्या साखळीत गेली होती. हिवाळा आला तरी जखम नवीच होती. ऑरोर म्हणाली, घरात कुढत बसू नकोस, चल. ओमेर पुढे, ती मागे. समोरून एक परका आला, बाहेरगावचा. ओमेरने सवयीने हात वर केला आणि एक बोट दाखवलं. देवाशपथ, त्याला ते बोट वर झालेलं जाणवलं होतं. तुटलेली बोटं तेव्हा रात्रंदिवस खाजायची, ठणकायची, आखडायची. जाड हातमोज्यात ते बोट सरळ ताठ उभं होतं, असं त्याला अजूनही वाटतं. समोरच्याला दिसली ती मूठ. वाट मोकळी समजून त्याने वळणावर गाडी मध्यावर घेतली, आणि वळणापलीकडे ऑरोर होती.

परका कोर्टात ओरडून सांगत होता, पुढच्याने मूठ दाखवली होती. ओमेरने सांगितलं, मी एक बोट दाखवलं. परक्याला तुरुंगवास झाला. गावाला कळलं नसेल असं नाही. ज्याला बोटंच नाहीत तो दाखवणार काय, एवढा हिशेब शेंबडं पोरही करेल. पण नुकतीच बायको गमावलेल्या माणसाला कोण तोंड वर करून विचारणार? परक्याला शिव्या घालणं सोपं होतं. सगळ्यांनी तेच केलं. ओमेरने तर केलंच.

तेव्हापासून तो एकटा जायचा, नाही तर सगळ्यांच्या मागे. मागे राहिलं की मूठ खरी ठरते. त्याला आता एकच हवं होतं. पोरीने पुढे जावं, समोरून कुणी आलं की तिने हात वर करावा आणि जगाला एक बोट दाखवावं, माझ्या मागे एक आहे म्हणून. आणि तो एक कोण, का मागे, हे तिने कधी विचारू नये.

नोएला आली. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लॉय म्हणजे इथल्या कुट्टूच्या धिरड्यांची चळत, लोणी, काळी कॉफी झाली आणि बापाने तिला शेडमध्ये नेऊन ऑरोरच्या, डागडुजी करून ठेवलेल्या गाडीवर बसवलं. हेल्मेट घालायला लावलं, हातमोजेसुद्धा.

"शेडमध्ये? अरे पापा, लोक हसतील मला."

"हसू देत. बस नीट. ताठ नाही, चालवताना बसतेस तशी."

यंत्र हँडलवर बसवावं तर हँडल वळलं की पडदाही वळतो. खाली डॅशबोर्डवर लावावं तर बघायला मान खाली घालावी लागते, आणि मान खाली घातली की समोरची वाट गेली. शेवटी त्याने काचेच्या मागे, तिच्या नजरेच्या थोडं खाली अशी जागा धरली. खाली रबराचा तुकडा घातला, म्हणजे हादरे बसणार नाहीत. बोल्ट डाव्या अंगठ्याने आणि तळव्याने दाबून धरला, उजव्याने आवळला. नोएलाने मदतीला हात पुढे केला तर म्हणाला, "राहू दे, जमतं." तार थेट गाडीच्या बॅटरीला जोडली, इथल्या थंडीत सुटे सेल अर्ध्या वाटेत दम तोडतात. मग घराच्या जागेची खूण केली. "हे बटण दाबलंस की कुठूनही घरी आणून सोडेल."

"एवढं कशाला? तू आहेस ना?"

"मी मागे असेन."

"कायम मागेच? तू तर वाटांचा राजा. सगळे म्हणतात."

"मागचं बघायलाही कुणी लागतं गं," तो म्हणाला आणि पाना पुसत बसला.

दुपारपर्यंत सगळं त्याच्या मनासारखं झालं. ऊन स्वच्छ पडलं होतं. ऑरोर गेली त्या वळणावर नोएला थांबली, हेल्मेट काढून उभी राहिली, रडली आणि पुढे निघाली. वाटेत समोरून गाड्या आल्या. दर वेळी तिचा डावा हात वर गेला, त्यावर एक बोट. मागून ते बघताना ओमेरचा ऊर भरून यायचा. मग तो आपली मूठ दाखवायचा, आणि ती खरी असायची.

क्लबच्या झोपडीत दोघं सूप प्यायला थांबले. नोएलाचे गाल लालबुंद झाले होते, पोरगी कितीतरी वर्षांनी हसत होती.

"बघितलंस ना माझं बोट? विसरले नाही मी."

"बघितलं."

"तुझं बरंय बाबा. मागच्याला नुसती मूठ. तुला काही..." तिची नजर टेबलावर पडलेल्या त्याच्या डाव्या हातमोज्यावर गेली. आत काही नसल्यागत तो चपटा पडला होता. तिचं हसू हळूहळू गेलं.

"पापा, तू पुढे असलास तर एक कसं दाखवतोस?"

"मी पुढे नसतो."

"आता नसतोस. तेव्हा होतास."

ओमेर सूप ढवळत राहिला.

"तो माणूस ओरडत होता, मूठ दाखवली म्हणून," ती म्हणाली. आवाज अगदी हळू. "कोर्टाच्या पायरीवर मी थुंकले होते त्याच्या तोंडावर. तू बाजूलाच होतास, पापा. तू माझा हात धरलास आणि म्हणालास, चल, असल्यांच्या नादी लागू नये."

"बोट वर केलं होतं गं मी. तुझ्या आईची शपथ. मला जाणवत होतं ते."

"कुठलं बोट?"

 तिने हेल्मेट उचललं.

"नोएला, थांब. अंधारायच्या आत आपण—"

"मी घरी जाते. तू ये मागनं. मागेच असतोस ना तू."

तिने गाडी अशी काही काढली की बर्फ त्याच्या अंगावर उडाला. तो धडपडत मागे लागला. जुन्या रेल्वेच्या वाटेवर ती पुढे दिसत होती, बरीच पुढे. समोरून एक गाडी आली. नोएलाचा डावा हात वर गेला आणि ओमेरने सवयीने त्या बोटाची वाट पाहिली.

तिने मूठ दाखवली. चांगली उंच, घट्ट आवळलेली. मुठीने काय होतं हे तिला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणायचं?

समोरचा वाट मोकळी समजून मध्यावर आला. पण ओमेरने मूठ मागून बघितली होती. त्याने गाडी उजवीकडे खोल बर्फात घातली, ती कमरेइतकी रुतली. समोरचा एक शिवी हासडत, गाडी सावरत हातभर अंतरावरून गेला. ओमेरनेही आपला डावा हात वर केला होता. त्याच्या मागे कुणी नव्हतं, ते खरंच होतं.

पुढे बघितलं तर तिचा लाल दिवा वळणाआड गेला होता. तो हाका मारत राहिला, पण इंजिनाच्या आवाजात कोण ऐकणार? मागे वळून बघायची तिला गरजही नव्हती. घराची खूण त्यानेच करून दिली होती, मान खाली न घालता दिसेल अशी.